गाराईपुढं दिवा का लावत नाहीत

त्या अगरबत्त्या पिशवीतच राहू द्या, ताई. आणि काडेपेटीही. रागावू नका, इथं येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावं लागतं आणि सांगून सांगून माझी जीभ झिजली. खाली पायरीशी पाटी लावली आहे, पण पाटी वाचतो कोण? मोरदऱ्याच्या या डोंगरावर, गाराईच्या कपारीत, दिवा लागत नाही. धूप नाही, कापूर नाही. आरती होते ती नुसत्या टाळ्यांवर, आणि नैवेद्य गार भाकरीचा. मागं एका पाहुण्यानं इथं बसून विडी पेटवली होती. आमच्या गावच्या बायकांनी त्याला जे ऐकवायला सुरुवात केली, ते तो खाली गाडीत बसेपर्यंत ऐकत होता.

जरा टेका त्या दगडाला, चढ दमवणारा आहे. मी गणपा गुरव. आमच्या घराकडं या देवीची पूजा आहे. पूजा म्हणजे काय, तर झाडलोट करायची आणि आलेल्यांच्या हातातल्या काडेपेट्या काढून घ्यायच्या.

आता वाकून आत बघा. डोळे अंधाराला सरावू द्या. खडकात कोरलेल्या फळ्यांवर मातीची बोळकी मांडली आहेत ना? प्रत्येकाचं तोंड शेणमातीनं लिंपलेलं, वर चुन्यानं खूण. या आमच्या गावच्या लेकी आहेत. म्हणजे गावातून लग्न होऊन गेलेल्या प्रत्येक लेकीच्या नावाचं एक बोळकं, आणि त्यात तिच्या बापाच्या शेतातला ओंजळभर गहू. कपारीचं तोंड उत्तरेला आहे. ऊन आत येत नाही, पश्चिमेचा पाऊस येत नाही, वारा मात्र दिवसरात्र खेळतो. ऐन वैशाखात इथं बसलात तरी अंगावर पंचा घ्यावासा वाटेल. बियाला हेच हवं असतं, कोरडं आणि गार. हे शहाणपण आमच्या गावाला जन्मतः नव्हतं. ते कशानं आलं, तेच सांगतो.

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मला विचारू नका, माझ्या पणज्यालाही ठाऊक नव्हतं. तेव्हा या खालच्या काळ्या रानात दोन गहू होत. एक खपली, जी टरफलासकट कणगीत जाते. दुसरा बन्सी, आमच्या गावचा, काळ्या कुसळाचा. ओंबी पिकली की दाणा सोन्यासारखा आणि कुसळं काजळात बुडवल्यासारखी काळी. असा बन्सी पंचक्रोशीत दुसरीकडं नव्हता म्हणे, आणि त्याचा गावाला भारी ताठा होता.

लेक सासरी निघाली की आई तिच्या ओटीत मूठभर बन्सी घालायची आणि मूठभर तिच्या नावानं बोळक्यात ठेवायची. सुगी झाली की बोळक्यात नवा दाणा भरायचा, राख कालवायची आणि माळ्यावर ठेवून द्यायचं. आश्विनात घट बसले की घटाशेजारी एका द्रोणात माती घालून त्यातली चिमूट पेरायची. हिरवं वर आलं की लेक सुखात आहे असं समजायचं. मग दिवाळीला मुराळी जायचा. मुराळी म्हणजे लेकीला माहेरी आणायला जाणारा भाऊ. तो आल्याशिवाय लेकीनं सासरचा उंबरा ओलांडून माहेरी यायचं नाही, अशी तेव्हाची रीत होती. बघा म्हणजे, त्या चिमूटभर गव्हावर काय काय टांगलेलं होतं.

या गावात धुरपदा नावाची एक विधवा बाई होती. तिला एक मुलगा, म्हंकाळ, आणि त्याच्या पाठची एक मुलगी, हौसा. हौसाला दिली भीमेकाठच्या उंबरठाणात. मधे दोन डोंगर आणि एक नदी. पोर लांब पडली म्हणून धुरपदा लग्नातच इतकी रडली, की वऱ्हाडी बायका नवरीला सोडून हिचीच समजूत काढत बसल्या. पहिली दोन वर्षं सगळं बरं चाललं. घटात हिरवं आलं, म्हंकाळ मुराळी गेला, हौसा आली, दिवाळी झाली. परत जाताना ती वेशीपर्यंत मागं वळून बघत जायची आणि धुरपदा वेशीवरून घरी यायचं नाव घ्यायची नाही.

तिसऱ्या वर्षी थंडी सरता सरता मिठाचे बैल घेऊन एक लमाण गावात आला. तो उंबरठाणावरून आला होता. त्यानं धुरपदेच्या ओसरीवर पाणी पिता पिता सांगितलं, "तुझ्या लेकीला हिवतापानं धरलंय, बये. चार चार वाकळा घातल्या तरी पोर कुडकुडतीया."

झालं. धुरपदेच्या जिवाचं पाणी पाणी झालं. सुगी झाली, नवा बन्सी घरात आला, तिनं हौसाचं बोळकं भरलं. पण ते माळ्यावर ठेवायला तिचा हात उचलेना. माळ्यावर गार वारा येतो, आणि तिकडं पोर थंडीनं कुडकुडते आहे. तिनं ते बोळकं शिंक्यात घातलं आणि शिंकं टांगलं चुलीच्या वर. तिथं ऊब असते. सकाळ-संध्याकाळ भाकरी थापताना ती वर बघायची आणि विचारायची, "आता बरं वाटतंय का गं?" जाळ जरा मोठाच करायची. हसू नका, ताई. तुमच्याही आईनं असलं काहीतरी केलेलं असतं, फक्त तुम्हाला सांगितलेलं नसतं.

उन्हाळा असा गेला. मग पावसाळा आला. चुलीची धग, आधणाची वाफ, बाहेरची ओल, सगळं त्या बोळक्यात जिरत राहिलं. त्याच पावसाळ्यात भीमेकाठी पटकीची साथ आली. गावंच्या गावं उठली, वाटा बंद झाल्या. तिकडचा माणूस इकडं घेईनात आणि इकडचा तिकडं जाईना. अशात आश्विन आला, घट बसले. धुरपदेनं शिंकं उतरवलं, चिमूटभर दाणे मातीत पेरले आणि वर पाणी शिंपडलं.

तिसरी माळ झाली, शेजारणींच्या द्रोणांत पांढरे कोंब दिसू लागले. पाचवी झाली, सातवी झाली. धुरपदेच्या द्रोणात नुसती ओली माती. तिनं बोटानं उकरून बघितलं तर दाणे फुगून मऊ पडले होते, वास मारत होते.

आता कुणाच्याही मनात येईल, की चुलीच्या धगीनं बी गेलं असेल. गावातल्या एका म्हातारीच्या मनात ते आलंही होतं म्हणे. पण धुरपदेनं त्याच शिंक्यात, त्याच बोळक्याखाली, घरच्या खपलीचंही एक गाडगं ठेवलं होतं. त्यातली खपली पेरून बघितली, तर ती आली वर! मग जागेचा दोष कसा म्हणायचा? एकाच चुलीवर, एकाच शिंक्यात दोन गाडगी, एक जगलं आणि एक मेलं. सगळ्या गावानं माना खाली घातल्या. खपलीच्या अंगावर टरफलाचा अंगरखा असतो आणि बन्सी उघडाच असतो, उघड्याला धग आधी लागते, हे तेव्हा कुणाला सुचलं नाही. पटकीची बातमी ताजी होती. सगळ्यांनी तेच ओळखलं जे ओळखायला ते आधीपासून भीत होते.

म्हंकाळनं नदीवर जाऊन बहिणीचं दहावं घातलं. धुरपदेनं ते बोळकं पुन्हा शिंक्यात ठेवलं आणि नंतर कधी खाली काढलं नाही.

आणि तिकडं हौसा जिवंत होती! हिवताप गेला, पटकी दारावरून निघून गेली, दिवाळी आली. ती वेशीवर जाऊन बसली. मुराळी आला नाही. पुढच्या दिवाळीला बसली, त्याच्या पुढच्याही. पहिल्यांदा सासू टोमणे मारायची, "आटलं का गं तुझं म्हायेर?" मग कुणीतरी सांगितलं, की मोरदऱ्यातही पटकी शिरली होती आणि तिच्या घरात कुणी उरलं नाही. त्या दिवसापासून सासूनं टोमणे मारायचं सोडलं. हौसाला म्हणे त्याचंच जास्त वाईट वाटलं. टोमण्यात निदान माहेर जिवंत होतं.

पण तिनं एक केलं. आईनं ओटीत घातलेला मूठभर बन्सी तिनं पहिल्याच वर्षी परसात टोकला होता, आणि दर वर्षी त्यातलाच पुन्हा पेरत राहिली. मुठीचा पायलीभर झाला, मग एका पट्टीत मावेनासा झाला. बी तिनं ना कणगीत ठेवलं ना माळ्यावर. सगळ्यात चांगल्या ओंब्या निवडून त्यांच्या जुड्या बांधायची आणि ओसरीच्या वळचणीला, बाहेरच्या बाजूला, रस्त्याकडं तोंड करून टांगायची. का? तर येणाऱ्या मुराळ्याला लांबून घर ओळखू यावं. एवढंच तिच्या मनात होतं. तिथं सावली होती, वारा होता, पाऊस लागत नव्हता, आणि बी टिकत गेलं. तिला ते टिकवायचं म्हणून टिकलं नाही; ती वाट बघत होती म्हणून टिकलं.

असं किती वर्षं चाललं, कुणी मोजून सांगत नाही. हौसाची पोरं नांगर धरायच्या वयाची झाली एवढं खरं.

मग एका वर्षी इकडं मोरदऱ्यात आवई उठली, की पेंढाऱ्यांची टोळी या बाजूला वळली आहे. लोकांनी घरातला दाणा जमिनीत दडवला. पेव तुम्ही पाहिलं नसेल. जमिनीत खोल खड्डा, आतून लिंपलेला, तळाला पेंढा, वरून शिळा आणि माती. खायचा दाणा त्यात टिकतो, पण बियाणं कोणी पेवात घालत नाही. त्या वर्षी भीतीनं तेही घातलं. सगळं बियाणं, गावभरचं, लेकींच्या बोळक्यांतलंसुद्धा. पेंढारी आलेच नाहीत. आला तो पाऊस, आणि पेवात पाझर लागला. कार्तिकात शिळा काढली तर आतून वाफ आली. दाणा हाताला गरम लागत होता. तरी लोकांनी आशेनं पेरला. खपली कुठं कुठं उगवली. बन्सीचं एक रोप दिसेना. काळ्या कुसळाचा बन्सी गावातून गेला.

गाव वेड्यासारखं झालं. ज्या गव्हाच्या नावानं गाव ओळखलं जायचं तोच गहू नाही. गावानं चार दिशांना माणसं पाठवली, कुठं कुणाकडं गेलेलं बी सापडतं का बघायला. म्हंकाळच्या वाट्याला भीमथडी आली. बहिणीच्या दहाव्यानंतर त्यानं त्या वाटेवर पाय ठेवला नव्हता. तो गावोगाव फिरला. लोक दुसरे गहू दाखवायचे, हा मान हलवायचा. उंबरठाण त्यानं शेवटी ठेवलं होतं. तिथल्या वेशीतून आत शिरला आणि एका घराच्या वळचणीला त्याला ओंब्यांच्या जुड्या दिसल्या. कुसळं काळीभोर.

ओसरीवर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. म्हंकाळनं विचारलं, "आजी, ह्ये बी कुठलं?"

"सुनंच्या म्हायेरचं," म्हातारी म्हणाली. "तिकडं कुनी ऱ्हायलं न्हाई. ह्ये तेवढं हाय."

तो काही बोलायच्या आत हौसा घागर घेऊन आली. दोघांचे केस पिकायला लागले होते. तरी तिनं बघताक्षणी ओळखलं. घागर नीट खाली टेकवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मुराळी आलास व्हय रं दादा?"

पण तो मुराळी म्हणून आला नव्हता. तो बी न्यायला आला होता. त्यानं खाली बघून तेच सांगितलं. म्हणाला, "हौसे, आमी तुझं दहावं घातलं गं. तुला पानी दिलं."

हौसानं वळचणीच्या जुड्यांकडं बघितलं. मग म्हणाली, "मलाबी सांगितलं व्हतं, समदी ग्येली म्हनून. म्या न्हाई इस्वास ठिवला. दर दिवाळीला येशीवर बसलो." आणि मग, ज्याची भीती वाटत होती ते विचारलं, "आई?"

"हाय," म्हंकाळ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडायला दोघं निघाली. जुड्या हौसानं स्वतःच्या डोक्यावर घेतल्या, भावाच्या हातात दिल्या नाहीत. दोन डोंगर आणि नदी पार करून ती मोरदऱ्यात आली तेव्हा धुरपदा चुलीपाशी बसली होती. तिला दिसत कमी होतं. म्हंकाळ म्हणाला, "आई, हौसा आलीया." म्हातारी हलली नाही. हौसा तिच्यापुढं जाऊन बसली. धुरपदेनं हात पुढं केला, चाचपडत तिच्या कपाळावर ठेवला, आणि विचारलं, "ताप उतारला का गं?"

इतकी वर्षं ती म्हातारी त्या एकाच निरोपापाशी थांबली होती. मग दोघी रडल्या. किती रडल्या ते सांगायला आख्यायिका लागत नाही.

रडणं ओसरल्यावर धुरपदा म्हणाली, "तू हाईस, मग तुझं बी का ग्येलं?" हौसानं वर बघितलं. काजळीनं काळं झालेलं शिंकं अजून चुलीवर टांगलेलं होतं. तिनं बोळकं उतरवलं, तळहातावर दाणे ओतले. हातात चुरा झाला. "आई, ह्ये तर धगीनं मेलं," ती म्हणाली. "कुनी ठिवलं गं हितं?"

"तुला थंडी वाजत व्हती," धुरपदा म्हणाली.

हौसानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तशीच पडून राहिली.

त्या वर्षी उशिरा का होईना, हौसाच्या जुड्यांमधला बन्सी गावात पेरला आणि तो उगवला. आज तुम्ही येताना दोन्ही अंगांना जे गव्हाचं रान पाहिलंत ते त्याच बियाचं, असं सांगतात. पण धुरपदेचं मन थाऱ्यावर आलं नाही. लेक जिवंत असताना आपण तिला मारली, चार डोंगर नव्हे, दोनच डोंगर मधे होते आणि आपण माणूस धाडलं नाही, हे तिला सोसवेना. पेरणी झाली, हौसा परत सासरी गेली, आणि म्हातारीनं नवस बोलावा तसं गावापुढं बोलून दाखवलं: या गावच्या कुठल्याच लेकीचं बोळकं यापुढं चुलीजवळ राहणार नाही. ते मी राखीन, आणि जिथं राखीन तिथं विस्तव येणार नाही.

ती इथं या कपारीत येऊन राहिली. घरोघरची बोळकी वर आणवली. म्हंकाळ रोज गार भाकरी घेऊन यायचा. पौषातल्या थंडीत हाडं वाजायची, गावातल्या बायका हात जोडून सांगायच्या, "खाली चल, नाहीतर निखाऱ्याची शेगडी तरी घे." ती म्हणायची, "उबेनं माजी लेक न्हेली व्हती." दर दिवाळीला हौसा यायची आणि चार दिवस आईपाशी याच दगडावर, एका वाकळेत बसायची. दोघी काय बोलत, कुणाला माहीत नाही. मधल्या बऱ्याच वर्षांचं बोलणं राहिलं होतं त्यांचं.

धुरपदा गेली तेव्हा तिला अग्नी दिला नाही. जिथं बसायची तिथंच माती दिली. आतला तो शेंदूर लावलेला दगड म्हणजे तीच जागा. तिचं नाव मागं पडलं, गाराई राहिलं.

तेव्हापासूनची रीत आजही चालू आहे. सुगीनंतर लेकींची बोळकी वर येतात, घट बसले की मी एकेक उघडतो आणि ज्याच्या त्याच्या घरी चिमूट पोचवतो. फरक एवढाच, की द्रोणात हिरवं आलं नाही तर आता कुणी रडत बसत नाही आणि नदीवर जात नाही. लेकीच्या भावानं त्याच दिवशी निघायचं. हातातलं काम टाकून, लेक असेल तिथं जायचं आणि तिला डोळ्यांनी बघून यायचं.

तुम्ही आता विचारणार ते मला माहीत आहे, कारण सगळेच विचारतात: गुरवकाका, आता तर फोन आहे ना? आहे. माझ्याकडंही आहे, नातवानं घेऊन दिलेला. गेल्या आश्विनात आमच्या सुताराच्या मंजुळाचं बी रुजलं नाही. ती तिकडं पिंपरीला दिलेली. नंतर बघितलं तर बोळक्याच्या बुडाला चीर होती, ओल गेली होती आत. बियाला काय कळतं कोण सुखात आहे ते! पण तेव्हा चीर कुणाच्या लक्षात आली नव्हती. भावानं आधी फोन लावला. ती म्हणाली, बरी आहे, कशाला येतोस उगाच, भाड्याला पैसे जातात. त्यानं आईला तसं सांगितलं. आई म्हणाली, "तरी तू जा."

तो गेला, आणि तिसऱ्या दिवशी दोघं मिळून एस्टीतून उतरली. मंजुळाच्या एका हातात बॅग होती आणि दुसरा हात गळ्यात बांधलेला होता. तिनं अजून कुणाला काही सांगितलेलं नाही आणि आम्हीही विचारलेलं नाही. फोनवर काय, ताई, सगळ्याच लेकी बऱ्या असतात.